फळ्यावर दामिनीचं नाव

४ ऑगस्ट
आज पुन्हा दामिनीताई! सलग अकरावा दिवस. अभ्यासिका चालवणारा अनुप सकाळी सातला फळ्यावर ‘वेगळा गट ओळखा’चा एक प्रश्न लिहितो. जो आधी सोडवेल त्याचं नाव खाली, दिवसभर. भातकुलीहून पहिली बस धरून अमरावतीला यायचं, पुढच्या बाकावर बसायचं, आणि वाचायचं काय? — दामिनी.

५ ऑगस्ट
AZ, BY, CX, DV. मी बोटांच्या पेरांवर मोजत होते. D पर्यंत पोचले नाही तोच मागून आवाज — “शेवटचा!” पाणी प्यायला चालली होती म्हणे, जाता जाता दिसलं. जाता जाता!

जळते मी. लिहूनच टाकते. लिपिकाच्या परीक्षेत असले पाच प्रश्न येतात आणि मागच्या खेपेला मी तीन मार्कांनी राहिले. ही पुढे असली की माझी जागा गेलीच.

८ ऑगस्ट
तीच.

११ ऑगस्ट
अनुपला म्हटलं, आज प्रश्न मी देते. BCD, FGH, JKL, NOP. मोजत बसलं की सगळे सारखेच! तिने खांद्यावरची पिशवीही काढली नव्हती. “NOP. त्यातच स्वर हाय ना, O.” सगळे हसले. मीही हसले, उगाच दात काढून.

१२ ऑगस्ट
डबा खाताना शेजारी येऊन बसली. “तू कावून मोजून राहिली व? आधी निस्तं पाह्य. मंग उलट्या जोड्या लाव — A ले Z, B ले Y.” माझ्याच वहीत सगळ्या लिहून दिल्या. अक्षरसुद्धा मेलीचं सुंदर! जोड्या मात्र मी बसमध्ये पाठ केल्या.

२१ ऑगस्ट
फळ्यावर आरती!! माझं नाव!

मग लक्षात आलं. ती प्रश्न वाचून खाली मान घालून बसली होती. मुद्दाम सोडला. भीक नकोय मला! घरी येईपर्यंत धुसफुसत होते, आईवरही ओरडले.

२७ ऑगस्ट
हॉलतिकीट आलं. रविवारी, अकोला. तिला विचारलं, तुमचं सेंटर कुठलं? “इथं तं खोली करून राह्यतो, आमचं घरच अकोल्याले हाय,” म्हणाली. म्हणजे घराजवळचं! नशीबसुद्धा तिचंच. मी उठणार पहाटे चारला.

३० ऑगस्ट
पेपर देऊन बाहेर आले तर शाळेसमोरच्या लिंबाखाली दामिनीताई. हातात पेन, पाण्याची बाटली. विचारलं, नंबर कोणत्या वर्गात होता?

“माहा कुठला नंबर व. मार्चातच वय उलटलं, एजबार झालो मी. फॉर्मच भरता नाई आला. घरी नाई सांगतलं अजून — ते समजून राहिले, मी आत पेपर देऊन राहिलो.”

मग लगेच, “तुये अक्षराचे पाचही सुटले ना?”

सुटले होते. मी वही काढून तिने लिहिलेल्या जोड्यांचं पान तिच्यापुढे धरलं.