काटा हलला नाही

३ फेब्रुवारी

आलो एकदाचा! ही वही ताईने बॅगेत टाकली. राग आला की माणसांवर काढू नकोस, हिच्यावर काढ, म्हणाली. आज राग औषधालाही नाही, तरी लिहितोय. एवढा खुशीत आहे.

काकांचं वर्कशॉप म्हणजे लांबलचक पत्र्याची शेड. काका माझे कोणी लागत नाहीत, सगळेच त्यांना काका म्हणतात. एका फाटकातून मालवाहू व्हॅन आत येतात आणि दुसऱ्यातून घर होऊन बाहेर पडतात. आत पलंग, गॅसची शेगडी, बेसिन, पडदेसुद्धा. मला वरची खोली दिलीय. खिडकीतून अख्खं अंगण दिसतं आणि अंगणाच्या मधोमध वजनकाटा. जमिनीत बसवलेला लोखंडी पाट, त्यावर पूर्ण व्हॅन उभी राहते. बाजूच्या खांबावर परातीएवढी तबकडी आणि तिच्यात एकच काळा काटा. काम चालू असलेली गाडी काका रोज वजनाला चढवतात. सीमेवरच्या चौकीत गाडी ठरलेल्या वजनाच्या वर भरली की सरळ माघारी पाठवतात. गिऱ्हाइकाची सहल बुडते आणि काकांचं नाव.

कोपऱ्यात एक जुनी पांढरी व्हॅन आहे. पूर्वी पाव पोचवायची, अजून आत खमंग वास येतो. मी इथे राबायचं, फावल्या वेळात ती सजवायची आणि मार्चअखेर ती चार दिवस माझी. माझी म्हणजे आमची.

आता तिच्याबद्दल. आम्ही एका वर्गात होतो. कँटीनमध्ये एकजण तिच्याबद्दल बरळला आणि मी खुर्चीने त्याचा जबडा मोडला. कॉलेजने हाकलण्याआधी मीच सोडलं. वाटलं होतं, ती खूश होईल. ती कित्येक आठवडे बोलली नाही. मग म्हणाली, मी तुला कोणाचा जबडा मागितला होता का? आणि तिने अट घातली. सीमेपलीकडचं मोठं तळं तिला शाळेपासून बघायचंय. परका देश, उलट्या बाजूने चालणारी वाहनं, एका डब्यात दोघं, चार दिवस. तेवढ्या दिवसांत मी एकदाही आवाज चढवला नाही, तर ती घरी लग्नाचं बोलणार. चढवला, तर ती तिथेच उतरून आगगाडीने परत आणि विषय संपला.

चारच? चाळीस दिवस गप्प राहीन, म्हटलं. आधी चार राहा, म्हणाली.

८ फेब्रुवारी

दिवसभर प्लाय कापला, संध्याकाळी नकाशा उघडला. पहिल्या दिवशी सीमा ओलांडून लगेच मुक्काम, तिच्या मते पहिल्याच दिवशी शौर्य नको. दुसरा दिवस तळं. तिसरा दिवसही तळंच. चौथ्या दिवशी परत. पाण्याची टाकी अर्धीच भरायची, कारण पाण्यासारखं जड काही नाही. तिकडची गॅसची टाकी आपल्या नळीला बसत नाही, म्हणून वेगळा जोड न्यायचा. मुक्कामाची जागा उजेडातच गाठायची.

हे सगळं ज्ञान काडीचं. काडी म्हणजे आमचा पेंटर. तो चढला की व्हॅन कण्हते असा देह, म्हणून नाव काडी. मला तो कॉलेज म्हणतो. आज नकाशा बघून म्हणाला, उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! परदेशात गाडी चालवायचं लायसन्स काढलंस, तोंड चालवायचं काढलंस का? मी तिरीमिरीत पाना उचलला. त्याने लहान पोराच्या हातातलं खेळणं काढावं तसा तो काढून घेतला आणि पुढे रंगवायला लागला. मला चिडवूनही मला आवडणारा हा पहिलाच माणूस.

१४ फेब्रुवारी

आज गंमत झाली. काडीकडे रंगवायला एक निळी व्हॅन आहे. दोन दिवस तिचं वजन हिशोबापेक्षा जास्त भरतंय, चांगलं एका जाड्या माणसाएवढं. गाद्या काढल्या, फळ्या उचकटल्या, काही सापडलं नाही. ती काट्यावर असतानाच काडी छत रंगवायला आत चढला. व्हॅन कण्हली, टायर दबले, पण काटा जागचा हलला नाही. आम्ही हसून हसून लोळलो. काडीला उतरवलं, पुन्हा चढवलं. काटा ढिम्म. मी म्हटलं, शेवटी काडीचं वजन काडीएवढंच! तो आत नाचून दाखवत होता.

काका मात्र हसले नाहीत. स्प्रिंगला तेल घालायला हवं, एवढंच पुटपुटले. वर काडीला सांगितलं, उद्या सुट्टी घे. काकांनी स्वतःहून सुट्टी दिली! काडी म्हणाला, आता मात्र जगबुडी येणार.

१५ फेब्रुवारी

हात धुतले तरी नखांत आहे.

काडी आला. सुट्टी होती, तरी आला. रंगाचा दुसरा हात आजच दिला नाही तर पोपडे निघतील, म्हणाला. काका दूर गिऱ्हाइकाकडे गेले होते. सकाळी निळी व्हॅन काट्यावर चढवली तर वजन बरोब्बर. जास्तीचं गायब. मी म्हटलं, बघ, तेल लागलं.

दुपारी ती जॅकवर होती. काडी खालच्या पत्र्याला रंग मारायला आडवा सरकला. शिट्टी वाजवत होता. जॅक सटकला नाही, मोडला. कोणी ढकललं नाही, वारा नव्हता. लोखंडाची कांडी कडकन मोडली आणि सगळी व्हॅन त्याच्या छातीवर. शिट्टी मधेच कापली गेली. मी पाय धरून ओढलं. पाय आले तेवढे आले, छाती खालीच. तोंडातून रंगासारखं दाट, आणि डोळे माझ्याकडे. हात जमिनीवर थापटत होता, जणू कुस्तीत हरला आणि सोडा म्हणतोय.

काका आले. त्यांनी आधी काडीकडे नाही, काट्याकडे बघितलं.

२२ फेब्रुवारी

काम पुन्हा सुरू. तिला फोनवर सगळं नाही सांगितलं, अपघात झाला एवढंच. ती म्हणाली, परत ये. मी म्हटलं, व्हॅन होत आलीय. तिने पडद्याचं कापड घेतलंय, पिवळं.

पलंग बसवला. पाण्याचा पंप चालतो. दार जरा अडकतं.

२८ फेब्रुवारी

पांढऱ्या व्हॅनचं वजन केलं. जास्त भरतंय. काडीच्या वेळेएवढं नाही, एका सडपातळ माणसाएवढं.

लाकूड ओलं असेल. टाकी पूर्ण रिकामी केली, शेगडी उतरवली. तेवढं वजन कमी झालं, पण वरचं ते जास्तीचं तसंच. घामाने भिजलो, मग मीच आत चढलो. खिडकीतून तबकडी बघितली. काटा वर गेला. माझ्या वजनाएवढा, नीट. एवढा आनंद झाला की तिथेच पाय पसरून हसत बसलो. मग काकांना हट्टाने चढवलं. त्यांच्यासाठीही हलला.

मग कोणाचं आहे?

२ मार्च

ती आली. न सांगता. पडदे शिवून आणलेले, तुला चकित करायचं होतं म्हणाली. मी शेडमध्ये होतो. तिची हाक आली तोवर ती फाटकातून थेट काट्यावरच्या व्हॅनकडे. मी ओरडलो, चढू नकोस. तिने पायरीवर वळून जीभ दाखवली आणि आत उडी मारली.

व्हॅन हलली. मी बघितली हलताना.

काटा हलला नाही.

ती पलंगावर उड्या मारत विचारत होती, आपलं घर कसं आहे? मी तिचा दंड धरून तिला खाली ओढलं. जोरात. पायरीवर गुडघा आपटला, कातडं सोललं. ती आधी गुडघ्याकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. म्हणाली, अजून निघालोही नाही आपण.

काका शेडच्या दारात उभे होते. त्यांनी डोळे झाकून घेतले होते.

३ मार्च

काकांची कॉलर धरली. भिंतीवर आपटलं, दोनदा. ओठ फुटला तेव्हा बोलले.

त्यांची बायको. पुष्कळ वर्षांपूर्वी, याच काट्यावर, त्यांच्या पहिल्या व्हॅनमध्ये चढली, वजन आधीच तिच्याएवढं जास्त होतं. काटा हलला नाही. काका घाबरले नाहीत, पण मनात खटकलं. व्हॅन विकून टाकली. घेणाऱ्याने ती नेण्यासाठी मागे घेतली आणि काकू मागे उभ्या होत्या. याच अंगणात, फाटकाच्या खांबाला चिरडून. काका म्हणाले, व्हॅन विकू नकोस. काडीला सुट्टी दिली, तरी तो आला. काही करू नकोस. आपण करतो त्यानेच होतं.

मग काय करू? हातावर हात ठेवून बसू? मी तोंडात मारली त्यांच्या. म्हाताऱ्या माणसाच्या.

मारलं खरं. रागाने की कशाने, कळत नाही.

६ मार्च

एकच उपाय. तिने यायचंच नाही.

फोन केला. म्हटलं, मला दुसरी आवडते. सीमेपलीकडची आहे, सहल तिच्याबरोबर करणार. ती शांतपणे म्हणाली, खोटं बोलताना तुझा आवाज बारीक होतो. मी ओरडलो, शिव्या दिल्या. कॉलेजात कोणाला दिल्या नव्हत्या अशा. तिने फोन ठेवला.

आवाज चढवला. हरलो. लग्न गेलं. जाऊ दे. जगू दे तिला.

फोन भिंतीवर फोडला. काचेने तळवा कापला, बरं वाटलं.

९ मार्च

काका गेले गावाला. मला म्हणाले, तूही जा. नाही जाणार. मी गेलो आणि ती इथे आली तर?

व्हॅन मोडतोय. घण घेऊन सकाळपासून. पलंग फोडला, बेसिन फोडलं. तिचे पडदे फाडले नाही गेले, घडी करून ठेवले. इंजिनवर घाव घातले, बोट चेचलं. नख कुठे गेलं, सापडत नाही.

आता नुसता सांगाडा. काट्यावर ढकलला. सांगाड्याचं वजन, आणि वर एक सडपातळ माणूस.

तबकडीवर घण घातला. काच फुटली. काटा आहे तिथेच.

१० मार्च

झोप नाही. व्हॅनमध्येच बसून आहे. इथे मी असलो तर कोणी आत येणार नाही. घण मांडीवर.

एक विचार येतो. ती आलीच, तर दारातच अडवायचं. समजावून. नाहीच ऐकलं तर पायावर एक. पाय मोडला तर बरा होतो. लंगडी झाली तरी चालेल, मी सांभाळीन. जन्मभर उचलून फिरवीन. आत नको, बस.

११ मार्च, दुपार

ताई आली होती फाटकाशी. वेड लागलंय का तुला, म्हणाली. माझं ते खोटं कानावर आल्यावर ताईने तिला गाठून सगळं सांगितलंय— की दुसरी-बिसरी कोणी नाही, की हा त्या मेलेल्या पेंटरपायी खुळावलाय, की तूच आण त्याला. मी घण उगारला ताईवर. सख्ख्या बहिणीवर. ती रडत गेली.

म्हणजे ती येणार. ताईनेच पाठवलं तिला. मी खोटं बोललो नसतो, तर ताईने तिला गाठलंच नसतं—

आपण करतो त्यानेच.

१२ मार्च

काटा उतरला!

आत्ता बघितलं खिडकीतून. मी आत आहे, सांगाडा आहे, तेवढंच वजन. तिसरं कोणी नाही. तीनदा उतरून चढून बघितलं. गेलं! मी घणाने पळवून लावलं त्याला. पलंग पुन्हा बनवीन. टाकी अर्धीच भरायची. पहिल्या दिवशी फक्त सीमा, मग दोन दिवस तळं, तिच्या पायाशी बसेन, आवाज नाही चढवणार, शपथ—

थांब.

काडीच्या दिवशी सकाळी. वजन बरोब्बर होतं. सकाळी बरोब्बर, आणि दुपारी—

फाटक वाजलं.

तीच. हातात बॅग आहे. सहलीची बॅग. हसतेय. लांबून हात करतेय, वेडी.

ओरडलो, येऊ नकोस. ऐकत नाही. म्हणतेय, ओरड हवं तेवढं, मी ती अट मोडीत काढली—

पायरीपाशी आलीय. दार अडकतं, ती ओढतेय. घण हातात घेतलाय. पायावरच. फक्त पायावर. नीट नेम धरून. ती वाकली नाही म्हणजे झालं, दार ओढताना ती वाकते—

दार उघडतंय. शेवटचं सांगतो तिला, पाय आत टाकलास तर—