रिकामी दिसणारी जागा

४ ऑगस्ट

आले एकदाची. घर बघून जीव हरखला. वरच्या मजल्यावर तीन खोल्या, लांब गॅलरी, आणि माझ्या खोलीला आतून लागणारी कडी. आधीच्या कामावर मी पेशंटच्या पलंगाखाली चटई टाकून झोपायचे, त्यामुळे कडी बघूनच निम्मा शीण उतरला. नळाला पाणी इतकं जोरात येतं की पहिल्यांदा सोडलं तेव्हा सगळं माझ्याच तोंडावर.

पेशंट म्हणजे आजोबा. आयुष्यभर गणित शिकवलं, मोठमोठ्या परीक्षांचे पेपर काढले. विसरण्याचा आजार सुरू झालाय, असं त्यांच्या लेकीने फोनवर सांगितलं होतं. ती राहते सातासमुद्रापलीकडे आणि घर चालवते तिथून. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, पण बोलायला गोड आहे. मी तिला मॅडम म्हणते. स्वयंपाकाच्या मावशी सकाळी येतात, दुपारी जातात. त्यांनी चपला काढायच्या आत विचारून घेतलं, घरी कोण कोण असतं. मी म्हटलं, कोणी नाही. मग त्यांनी पुढे न विचारता चहा दिला.

आजोबांना आजार आहे हे शपथेवर सांगितलं तरी पटणार नाही. त्यांनी माझं नर्सिंगचं सर्टिफिकेट मागून घेतलं, गुणांची तोंडी बेरीज केली आणि टक्के चुकलेत म्हणाले. खरंच चुकले होते. इतकी वर्षं मी ते मिरवतेय.

६ ऑगस्ट

मॅडमना रोजचा रिपोर्ट हवा असतो. नाडी, रक्तदाब, जेवण, झोप. तो आजोबांच्या संगणकावर ठेवायचा, पण उघड्यावर नाही. फोनवर त्यांनी सगळं एकेक पायरी शिकवलं. एक छोटी चौकट येते, तिच्यात पासवर्ड टाकायचा. टाकला की ‘एम’ नावाचा एक नवा ड्राइव्ह उगवतो, बंद केला की नाहीसा होतो. हे एन्क्रिप्शनचं सॉफ्टवेअर आजोबांनीच घालून घेतलंय, पेपर फुटू नयेत म्हणून. डिस्क कोणी काढून नेली तरी त्याला आत नुसता कचरा दिसणार.

ड्राइव्हमध्ये जुनी वेळापत्रकं आणि विजेची बिलं होती. बाकी सगळी जागा रिकामी. मनात आलं, एवढी ऐसपैस जागा पडलीय तर आपली रोजनिशीही इथेच लिहावी. परवा कागदावर लिहिलेलं आधी उतरवून काढलं. आजोबा दुपारी झोपतात, तेव्हा खोलीत छान ऊन असतं आणि पंख्याशिवाय आवाज नसतो.

९ ऑगस्ट

सकाळी उठतात तेव्हा आजोबा अगदीच हरवलेले असतात. हातात ब्रश धरून मला विचारतात, तू कोण. मग संगणकाच्या खोलीत जातात आणि दार लावून घेतात. तासाभराने बाहेर येतात ते वेगळेच. माझी सर्दी कशी आहे विचारतात, अंडं जास्त उकडलं म्हणून मावशींना टोमणा मारतात.

आज मी विचारलंच, की आत वाचता तरी काय. स्वतःला, म्हणाले. मग खूश होऊन समजावत बसले. कुलूप एक, किल्ल्या दोन. एक किल्ली, म्हणजे पासवर्ड, लेकीला दिलेली, तिने वेळापत्रकं उघडतात. दुसरी फक्त त्यांच्या बोटांत आहे. डोकं विसरतं, बोटं विसरत नाहीत. तिने उघडतो तो दुसराच ड्राइव्ह, आणि तो असतो पहिल्यातल्या त्याच जागेत, जी रिकामी दिसते. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं त्या दिवसापासून त्यांनी तिथे स्वतःला लिहून ठेवलंय. आईवडील, नोकरी, बायको, लेकीचा जन्म. रोज सकाळी ते वाचायचं आणि मग नाश्त्याला यायचं. लेकीला यातलं काही सांगायचं नाही, ती रडत बसेल.

यात एकच खोट आहे, असंही म्हणाले. पहिल्या किल्लीने येणाऱ्याला कळतच नाही की आत कोणी राहतंय. तो आपला मोकळी जागा समजून सामान मांडत जातो. मी मान डोलावली. डोलवायला काय जातंय.

मग बायकोच्या गोष्टी निघाल्या. ती भांडी घासताना शीळ घालायची, शेजारी नावं ठेवायचे तर आणखी मोठ्याने घालायची. आजोबांनी ती शीळ घालून दाखवली. मावशी हसून हसून खाली बसल्या.

१३ ऑगस्ट

आज धाकटीबद्दल लिहिते.

धाकटी माझी बहीण. आई गेली तेव्हा ती दीड वर्षाची होती, मी तेरा. कडेवर घेऊन वाढवली. थंडी असो नसो, एकावर एक दोन स्वेटर घालायची. पेन्सिलीची मागची बाजू खायची. एकदा माझ्यावर रुसून गच्चीवरच्या कोरड्या टाकीत जाऊन बसली, आणि मी अख्खा दिवस हाका मारत रस्ते पालथे घातले. सापडली तेव्हा गाढ झोपलेली. मी मारायला हात उचलला आणि तो तिच्या डोक्यावरच ठेवला. गेल्या वर्षी तापाने गेली. मी एवढी पेशंटवाली, आणि मला तिचा ताप कळला नाही.

ती मला शेवटचं काय म्हणाली ते मात्र लिहिणार नाही. तेव्हा खोलीत आम्ही दोघीच होतो. ते माझं आहे.

लिहून झाल्यावर छातीवरचा दगड कोणीतरी उचलल्यासारखं वाटलं.

१७ ऑगस्ट

वर्षभरात पहिल्यांदा न रडता झोपले. म्हणून रोज लिहितेय. तिची शाळा, तिचं पहिलं भांडण, तिला आलेलं ते मूर्ख प्रेमपत्र, ज्याचं उत्तर मी लिहून दिलं होतं. लिहिलं की हलकं होतं. बोलून मोकळं होणं म्हणतात, तसं हे.

आजोबा आज खोलीतून गोंधळून बाहेर आले. मावशींनी गंमत म्हणून शीळ घाला म्हटलं, तर त्यांनी विचारलं, कसली शीळ.

२१ ऑगस्ट

नाश्त्याला आजोबांनी मावशींना गोष्ट सांगितली. लहान बहीण रुसली, टाकीत जाऊन बसली, आपण दिवसभर शोधली, मारायला उचललेला हात डोक्यावर ठेवला. डोळे भरून आले त्यांचे. मावशी म्हणाल्या, इतकी वर्षं येतेय पण आजोबांना बहीण होती हे आजच कळलं.

मी ती गोष्ट या घरात कोणालाही सांगितलेली नाही.

माझी रोजनिशी वाचली असेल म्हणून सरळ विचारलं. ते म्हणाले, वेळापत्रकांच्या ड्राइव्हमध्ये ते कित्येक महिन्यांत गेलेले नाहीत. वाटल्यास बघ म्हणून त्यांनी मला शेजारी बसवलं आणि डोळे मिटून दुसरी किल्ली टाइप केली. पानं उघडली. वर दोनचार ओळी नोकरीबद्दल होत्या. खाली माझी वाक्यं होती. तीच, शब्दाला शब्द. फक्त ‘आले, गेले, झोपले’ असं बाईमाणसाचं बोलणं ते स्वतःचंच समजून वाचत होते, आणि त्यांना त्यात काही खटकत नव्हतं.

हे कसं होईल? डिस्कचं म्हणाल तर माझ्या लिहिण्याने त्यांचं पुसलं जाईल, एवढं आता मला कळलं. पण पुसलेल्या जागी माझं उगवावं कसं, याचं उत्तर कुठल्याच सॉफ्टवेअरमध्ये नसावं.

२४ ऑगस्ट

लिहायचं बंद केलं होतं. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात, तो नागोबा मीच. काही न कळता दुसऱ्याच्या घरात सामान मांडत गेले आणि त्याचं बाहेर फेकत गेले. बायको गेली, शीळ गेली. आईवडील गेले असतील.

कागदावर लिहून बघितलं. अक्षरं उमटतात, पण दगड हलत नाही. तीन पानं भरली आणि फाडली.

आज परत इथे बसले. मला माहीत आहे मी काय करतेय. वाईट वाटायला हवं होतं.

२८ ऑगस्ट

मॅडमचा व्हिडिओ कॉल. आजोबांनी लेकीकडे नीट बघितलं आणि नम्रपणे सांगितलं, की आपल्याला मुलगी नाही. एक धाकटी बहीण होती, ती तापाने गेली. मॅडम रडायला लागल्या. मी फोन धरून उभी होते. हात दुखत होता, एवढंच जाणवलं.

डॉक्टर म्हणाले, आजार वाढलाय. मीही तेच रिपोर्टमध्ये लिहिलं. तोही त्याच जागेत साठला.

३१ ऑगस्ट

मोबाइलमधला फोटो काढून बघितला. दोन स्वेटर घातलेली एक मुलगी. कोणाचीतरी असेल, असं वाटलं.

मग मागचं सगळं इथलं वाचून काढलं. टाकी, पेन्सिली, प्रेमपत्र. पेपरातली बातमी वाचावी तसं वाचलं. पलीकडच्या खोलीत आजोबा तिच्यासाठी हुंदके देत होते. माझं रडणं ते रडत होते आणि मी जाऊन त्यांचा रक्तदाब घेतला.

शेवटचं वाक्य तेवढं अजून माझ्यात आहे. ते आठवलं की दुखतं. तेवढंच दुखतं. रोज एकदा आठवून बघते, आहे ना म्हणून.

२ सप्टेंबर

आजोबा सकाळपासून संगणकासमोर. पानं खालीवर करतायत. धाकटी जाताना आपल्याला काय म्हणाली ते सापडत नाही म्हणतात. लिहिलं कसं नाही आपण. मावशींना विचारलं, दूधवाल्याला विचारलं, मला तीनदा.

जेवले नाहीत.

३ सप्टेंबर

रात्री तोंडी सांगितलं. त्यांच्या कानाशी बसून, शब्द न् शब्द. रडले, मग शांत झोपले. सकाळी कोरे. जे वाचतात तेच राहतं. पुन्हा शोधाशोध.

दुपारी इथे एक खोटं वाक्य लिहिलं. ‘स्वतःची काळजी घे.’ असंच म्हणतात ना सगळे —

४ सप्टेंबर

वाचलं त्यांनी. म्हणाले, हे धाकटीचं नव्हे. कोणीतरी मागून घुसडलंय. ती असं कधी बोलायची नाही.

बरोबर आहे. नाही बोलायची. माझ्यापेक्षा ते तिला जास्त ओळखतात आता.

पाणीसुद्धा घेत नाहीत.

६ सप्टेंबर

डॉक्टर येऊन गेले. सलाइन. आजोबांनी सुई काढून टाकली. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, अशाने फार तर दोन दिवस. मॅडम विमानात आहेत.

आजोबा हळू आवाजात एकच विचारतात — ती न बोलताच गेली का — माझ्यावर रागावून गेली का —

ते वर्षभर मी विचारलं असतं. माझ्याकडे उत्तर होतं म्हणून मी जगले.

७ सप्टेंबर, सकाळ

मावशींनी चमचा तोंडाशी नेला. मान फिरवली. मला म्हणाले, सिस्टर, तुम्हाला बहीण आहे का.

आठवायला वेळ लागला. मग ते वाक्य आठवलं, दुखलं, आणि म्हटलं, होती.

लिहिलं की ते वाक्य माझ्यातून जाणार. मग मला कोणी विचारलं तर —

नाही लिहिलं तर आजोबा जाणार. आणि त्यांच्यात आता आहे तरी कोण? मीच. आणि ती.

७ सप्टेंबर, दुपार

त्यांना खुर्चीत घालून इथे आणलंय. शेजारी बसलेत. डोळे पडद्यावर, पण या किल्लीचं त्यांना दिसत नाही असं म्हणतात. लिहून झालं की मी बंद करीन. मग ते त्यांची किल्ली टाकतील. बोटं अजून हलतात, बघून घेतलं.

त्यांचं सगळं मी घालवलं. हे देणं लागते.

भीती वाटायला हवी. वाटत नाही. फक्त ते वाक्य तेवढं अजून गरम आहे, छातीत, डाव्या बाजूला —

दुपारची वेळ होती. ताप उतरल्यासारखा वाटला. तिने माझं बोट धरलं, लहानपणी रस्ता ओलांडताना धरायची तसं घट्ट. डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. हसली. आणि धाकटी मला म्हणाली, ताई, तू