ऑपरेशनचा कागद

२८ जानेवारी
बाथरूमच्या फरशीला डांबर मारत होतो, तेवढ्यात ताईचा फोन. अण्णांना कॅन्सर! प्रोस्टेटचा. म्हटलं, हे काय असतं? म्हणाली, लघवीच्या पिशवीखाली अक्रोडाएवढं काहीतरी असतं, सगळ्या पुरुषांना असतं. म्हणजे मलाही आहे. पंचवीस वर्षं पत्ता नव्हता.
माझ्या बापाने कधी सर्दीला गोळी घेतली नाही.

३१ जानेवारी
ताईचा फोन. डॉक्टर म्हणाले, दोन वाटा आहेत. ऑपरेशन करून काढून टाकायचं, नाहीतर किरणांचा शेक – सात आठवडे रोज मशीनखाली झोपायचं. गुण दोन्हीचा सारखा. घाई नाही, विचार करा. ऑपरेशननंतर लघवी गळते म्हणे. कुणाची थांबते, कुणाची नाही.
अण्णा म्हणाले, "शेकच घेतो. सकाळी जाऊन येईन, अकराला दुकान उघडेन."
केस कापायचं दुकान. तीन आरसे, दोन खुर्च्या, एक बाप.

५ फेब्रुवारी
मुकादमाकडे सुट्टी मागितली. म्हटलं, बापाला शेक देणारेत. "शेकाला कसली सुट्टी! ऑपरेशन नाहीतर मयत. कागद दाखव, दहा दिवस घे."
फोनवर अण्णांना सगळं ऐकवलं, मुकादमाचा आवाज काढून. पोट धरून हसले. "म्हणजे मला मरावं लागणार की रे लेका!"
दोन वर्षं झाली घर बघून.

९ फेब्रुवारी
अण्णांनी पलटी मारली. ऑपरेशन! का, तर म्हणे, "एक घाव दोन तुकडे. जन्मभर लोकांवर वस्तरा चालवला, आता माझ्यावर चालू दे." ताई भडकली. मी म्हटलं, तुम्हाला पटतंय ना, मग करा.

१८ फेब्रुवारी
ताईने हॉस्पिटलचा कागद मोबाईलवर पाठवला. प्रिंट काढली. शिक्का आहे. तारीख ३ मार्च. चार घड्या घालून खिशात.

२५ फेब्रुवारी
अजून दाखवला नाही.

१ मार्च
मुकादमाच्या दारापर्यंत गेलो आणि मागे फिरलो. चौदाव्या मजल्याच्या कडेला उभा राहतो, पाय कापत नाहीत. पण बाप पलंगावर, नळी लावलेला, मला बघून उठायला बघतोय – नाही जमणार. जाऊन करणार काय? उभा राहणार, रडणार.
अण्णांना फोन केला – "मुकादम नाही म्हणतोय."
म्हणाले, "असू दे. कामावरची माणसं आपण."
मी खोटारडा!

३ मार्च
झालं. चार तास लागले. मी आज सात बाथरूम संपवली.

१६ मार्च
नळी काढली. गळतंय.

६ एप्रिल
गळतंयच. खोकले की गळतं, उठले की गळतं. हसले की गळतं, म्हणून हसतच नाहीत. डॉक्टर म्हणतात, आवळून धरायचा व्यायाम करा. सहा महिने लागतील, वर्ष लागेल. अण्णा फडताळाकडे तोंड करून बसतात म्हणे. दुकानाची किल्ली आईकडे दिली. ताईला म्हणाले, "गिऱ्हाइकाच्या कानाशी उभं राहावं लागतं गं. वास आला तर?"
जगाच्या मानेला पावडर लावणारा माणूस!
माझं काम काय? फरशीवर चार बोटं पाणी भरून ठेवायचं, दोन दिवस थांबायचं, मग खालच्या घराचं छत बघायचं. ओल दिसली तर सगळं उकरून पुन्हा. आज छत कोरडं निघालं. पोरं ओरडली, जमलं जमलं! मी जिन्यात जाऊन बसलो.

२० एप्रिल
ताईला विचारलं, ठरलेला शेक सोडला कशाला त्यांनी? फोनच ठेवला तिने.

२ मे
रिपोर्ट आला. कॅन्सर निघालाय सगळा. आई रडली. अण्णा नुसतं "हं" म्हणाले.
मी म्हटलं, बघा, ऑपरेशनच बरोबर होतं! ते म्हणाले, "जेवलास का?"

४ मे
ताईने आज सांगितलं. दुसऱ्यांदा गेले तेव्हा डॉक्टरांनी विचारलं होतं, शेक घ्यायचा ठरला होता ना, मग मध्येच हे काय?
अण्णा म्हणाले होते, "शेकाला आमच्या पोराला सुट्टी मिळत नाही हो. ऑपरेशनला मिळते. दहा दिवस."