गजेंद्रच्या भाषणाला किती गुण

देऊळघाट, शनिवार

चि. सौ. वंदनास दादाचे आशीर्वाद. पाठवलेल्या तेलाने तुझा गुडघा आता वाकू लागला असेल. हिंमतरावांना नमस्कार (वयाने लहान असले तरी बहिणीचे यजमान, म्हणून नमस्कारच). इकडे तुझी वहिनी दोन वेळा जेवायला वाढते, पण चार दिवस माझ्याशी बोललेली नाही. बाकी क्षेम.

हर्षल खामगावला तुझ्याकडे पोचल्याचं कळलं. का आला ते त्याने सांगितलं नसेल, म्हणून मी सांगतो. मंगळवारी आमच्या फाट्यावर प्रवासी निवाऱ्याचं उद्घाटन झालं (भिंती झाल्या, छप्पर पुढच्या टप्प्यात आहे). प्रमुख वक्ते गजेंद्र, जिल्हा परिषदेचे इच्छुक उमेदवार. लोकांना वाटलं रस्त्यावर बोलेल. तो बोलला, पुरुषाने पुरुषाशी लग्न करावं का, यावर. देऊळघाटात अशी मागणी कुणी ग्रामपंचायतीकडे केलेली नाही, पण टीव्हीवर तोच विषय चालू होता, आणि रस्त्याबद्दल सांगण्यासारखं काही झालेलं नव्हतं.

भाषण लिहून आणलेलं होतं आणि गजेंद्रने कंसातलंही मोठ्याने वाचलं. "इथे थांबून समोर पाहावे" असं म्हणून तो थांबला, समोर पाहिलं. पुढे "इथे गावातले एखादे उदाहरण द्यावे, लोक हसतील" हेही वाचलं, आणि लोक खरोखर हसले. मग उदाहरण शोधायला त्याने मान फिरवली, तर मंचावर मी आणि तिसऱ्या रांगेत आईशेजारी बसलेला, सुट्टीवर आलेला हर्षल. "आता आपल्या गुरुजीचा हर्षलच घ्या. चौतीसचा झाला, पुन्यात राह्यते, पोरगी पाहाले चाल म्हटलं तं येत नाही. कोनाले ठाव, तिकडे एखादा नवरदेवच पाहून ठेवला असन." माणसं पोट धरून हसली. गजेंद्रला काही माहीत नव्हतं. मला होतं. हर्षलने दोन वर्षांपूर्वी मला समोर बसवून सांगितलं होतं (तुला त्याआधी सांगितलं, हे मागाहून कळलं, वाईट वाटलं, पण निवड बरोबर होती). आणि वंदना, मीही हसलो. मंचावर बसलेल्या माणसाने हसायचं असतं.

निघताना बॅग उचलून तो एवढंच म्हणाला, "बाबा, तुमी तीस वर्सं वक्तृत्वाचे परीक्षक होते. त्या भाषनात खोट काय हाये, ते मले लिहून द्या." म्हणून हे परीक्षण. त्याला वाचून दाखव.

सुरुवात "आमचा कुणालाच विरोध नाही" अशी. दहापैकी नऊ गुण. हे ऐकून माणूस निर्धास्त होतो आणि पुढचा सगळा विरोध शांतपणे ऐकून घेतो. मग तीन प्रश्न: आजीला काय सांगाल, लेकरं काय शिकतील, वंश कसा चालेल? उत्तर एकाचंही नाही. लोक आपणहून मान हलवतात आणि तो त्यांना स्वतःचा विचार वाटतो. "संस्कृती" अकरा वेळा, अर्थ एकदाही नाही. ज्यांच्याबद्दल भाषण आहे त्यांना आई नाही, गाव नाही, ते सगळे "तिकडे" राहतात. एकाचंच नाव आलं तेही विनोदात, आणि विनोदात सापडलेल्या माणसाला उत्तर देता येत नाही. बोलला तर लोक म्हणतात, मस्करी कळत नाही का? खोट आहे ती हीच. हे सगळं उभं राहतं ते समोरच्या माणसाने गप्प बसण्यावर.

तुझा दादा,
उत्तम

ता. क. गजेंद्रला हेच भाषण परवा वडनेर भोलजीला करायचं आहे. सकाळी येऊन म्हणाला, "गुरुजी, यावेळी कंस काढून द्या." होय, मीच लिहिलं होतं. गावातली उद्घाटनं आणि शोकसभा सगळ्या माझ्याच हातच्या असतात. नाही म्हणता आलं असतं. पण त्याने "काऊन, गुरुजी?" म्हणून कारण विचारलं असतं, आणि मी त्या एका "काऊन"ला घाबरलो. एवढा ता. क. हर्षलला दाखवू नकोस, कात्रीने कापून घे.

आणखी एक ता. क. वरचा कापू नकोस. पाकिटात घालण्याआधी तुझ्या वहिनीने पत्र वाचलं आणि आज पहिल्यांदा बोलली. "तुमी लिवलेली भाषनं हर्षलनं पह्यलीपासून पाठ केली. गजेंद्रच्या पह्यल्या वाक्यालेच त्यानं माह्याकडे पाह्यलं." म्हणजे बॅग उचलून विचारलं तेव्हा त्याला सगळं माहीत होतं. आधी वरचा ता. क. त्याच्या हातात दे. बाकीचं पत्र नाही वाचलं तरी चालेल.