काकांच्या रानातली चौथी पिशवी

२ मार्च
टेंभुर्णी. प्रबंधासाठी त्रिंबककाकांच्या शेतात चार थरांची माती घेतली — वरची, एक फूट, दोन फूट, तीन फूट. घेतली म्हणजे काकांनीच! "अर्पिता, उन्हात कशाला मरतीस? काकूचा चहा घे. मी देतो पिशव्या भरून." मीही ऐटीत बसले.

बाबांना इथे आल्याचं सांगितलेलं नाही. वाटणीपासून दोघा भावांत बोलणं नाही. बाबांचं एकच पालुपद — भारी जमीन त्याने ठेवली, मला हलकी दिली.

९ एप्रिल
महिनाभर डब्यांत बंद ठेवलेली माती आज किरणोत्सर्ग मोजायच्या यंत्रावर लावली. बाकी सगळ्या शेतांत खोलीप्रमाणे मातीतला नैसर्गिक किरणोत्सर्ग बदलतो. काकांच्या शेतात चारही डब्यांचा आकडा सारखा! असं कसं?

१० एप्रिल
यंत्र तपासलं. ठीक आहे. मग मीच ठीक नाही का?

१२ एप्रिल
मार्गदर्शक सर म्हणाले, "पिशव्यांची अदलाबदल केलीस." पण अदलाबदलीने आकडे जागा बदलतील, सारखे कसे होतील? हे सरांसमोर सुचलं नाही, बसमध्ये सुचलं. नेहमीचंच! प्रबंधातलं अख्खं प्रकरण या एका शेतावर अडलंय. डोक्याचं पार दही झालंय.

२० एप्रिल
न कळवता टेंभुर्णीला गेले. स्वतः खोदलं. दीड फुटाला पहार खणकन वाजली — मुरूम! खाली काळी माती नाहीच. म्हणजे काकांनी चारही पिशव्या वरूनच भरल्या. मी चिडले. खूप बोलले. काका बांधावरून म्हणाले, "राहू दे ना, बाई. वरचंच लिही."

काकू म्हणाली, "वरचा बी तळ्यातला गाळच हाय. दरसाल आणून टाकतेत."

काहीच कळेना. भारी जमीन ती हीच ना?

चौथी पिशवी मुरमाने भरली आणि परत आले.

२१ एप्रिल
सकाळीच काकांचा फोन. "वाटणीत हे मुरमाड मीच मागून घेतलं, चांगलं तुझ्या बापाला सोडलं. तुझा बाप नोकरीवाला. हलकं रान त्याला कोण कसून देणार व्हतं? खरं सांगितलं असतं तर त्यानं घेऊ दिलं नसतं. मंग म्हणलं, शिव्या देऊ दे. आता तुझं पुस्तक तो पहिल्या पानापासून वाचंल, त्याला खालचा मुरूम कळू न्हाई म्हणून पिशव्या तशा भरल्या. सांगू न्हाई त्याला. बराबर?"

"हो" म्हणाले.

फोन ठेवला आणि लगेच बाबांना लावला.