रॅकवरची चंदेरी जोडी

प्रिय उज्ज्वला,

पत्र लिहायची मला सवय नाही, हे तुला माहीत आहे. साखरपुडा झाल्यावर तू चार-चार पानी पत्रं पाठवायचीस आणि मी उत्तर म्हणून स्वतःच विक्रोळीहून मुलुंडला येऊन उभा राहायचो. आता तशी सोय राहिली नाही, म्हणून बसलोय लिहायला.

कारण सांगतो. आज शनिवार. दुपारी चारच्या सुमाराला बेल वाजली आणि वर्षभर टांगणीला लागलेला माझा जीव एकदाचा भांड्यात पडला. आता हे कुणाला सांगू? प्राचीला फोन केला तर ती म्हणणार, बाबा, तुम्ही कशाला एवढं मनाला लावून घेता. पोरगी तुझीच आहे, पण ह्यातलं तिला काही कळायचं नाही. तुलाच सांगायला हवं. खरं तर तुझ्याशी भांडायला हवं. ते मागाहून भांडतो.

आधी इकडची खबर. आपली बिल्डिंग निघाली पाडायला. रीडेव्हलपमेंटच्या मीटिंगा ऐकून तू म्हणायचीस, आपण दोघं गेल्यावर होईल ते. अर्धं खरं केलंस. खाली पत्रे लागलेत, बी विंग रिकामी झाली, आणि मला महिनाअखेर जागा सोडायची आहे. प्राचीनं भांडुपला भाड्याची जागा बघितली आहे. दर रविवारी बोरिवलीहून येते आणि खोके भरते. तुझी भांडी, तुझ्या साड्या, सगळं मी मुकाट भरू दिलं. फक्त पुढच्या खोलीला हात लावू दिला नाही.

त्यावरून खटका उडाला आमचा. फळीवर एक डबा राहिला होता ना.

"आईकडे यायची ती सगळी मुलं आपापले डबे घेऊन गेली. मग हा कुणाचा?"

"असेल कुणाचा तरी."

"नाव काय त्या मुलाचं?"

"तुझी आई सांगायची का मला नावं?"

सांग बरं, खोटं बोललो का? एवढ्या वर्षांत एका मुलाचं नाव तू मला कळू दिलं नाहीस. चार ते सहा मी स्वयंपाकघरात. टीव्ही बंद. पेपर घ्यायलाही बाहेर यायचं नाही. माझ्याच घरात मी तडीपार! विचारलं तर म्हणायचीस, "अहो, ती मुलं तुमच्याकडे येत नाहीत, माझ्याकडे येतात."

मग मी आपला दाराबाहेरच्या रॅकवरून ओळख ठेवायला लागलो. तो रॅक मीच बनवलेला, त्यामुळे तिथे बघायला तू बंदी करू शकली नाहीस. एक होते लाइटवाले बूट, पाय आपटले की लाल-हिरवे चमकायचे. एक तुटका बंद, सेफ्टी पिन लावलेला. लाइटवाले बूट आधी रॅकखाली कसेही फेकलेले असायचे. वर्षभरानं बघतो तर नीट एकाशेजारी एक ठेवलेले. रात्री जेवताना मी म्हटलं, लाइटवाल्याचं बरं चाललंय वाटतं. तू वरणात लिंबू पिळत राहिलीस. पण हसलीस, ते मी बघितलं.

मुलांच्या मनाच्या ह्या कामात तू का पडलीस, हे मी किती वेळा विचारलं असेल? तुझं एकच उत्तर, "दुसरं काही जमत नाही म्हणून." महापालिकेच्या हॉस्पिटलातली कायमची नोकरी तू सोडलीस तेव्हा कन्नमवार नगरातले सगळे नातेवाईक मला समजवायला आले होते. मिलिंद, बायकोला आवर. तू म्हणालीस, त्या कॉरिडॉरमध्ये इंजेक्शनच्या वासात मूल बोलत नाही, मला घरची खोली हवी. झालं. आपला सोफा गेला. त्या जागी वाळूचा टब, लाकडी माणसं, चिंध्यांच्या बाहुल्या. वाळू मीच धुतली होती, विसरलीस का? बाथरूमची मोरी तुंबली आणि सोसायटीची बोलणी मी खाल्ली.

तुझ्या अभ्यासातलं मला फार कळत नव्हतं, पण भिंतीपलीकडून जेवढं कानावर पडायचं तेवढं कळायचं. आईबाप यायचे ते एकच गाऱ्हाणं घेऊन. पोरगा ओढणी घेऊन नाचतो. पोरगी फ्रॉक घालत नाही, केस काप म्हणते. आणि लगेच पुढचं वाक्य, लहानपणी अमुक झालं ना मॅडम, त्याचाच परिणाम असणार. कुणाची आई गेलेली, कुणी मार खाल्लेला, कुणाला कुणी नको तिथे हात लावलेला. त्यांना ते दोन्ही एकाच गाठोड्यात बांधून हवं असायचं. तू ती गाठ सोडत बसायचीस. मुलाच्या वाट्याला काय आलं ते एक, मूल कोण आहे ते दुसरं, दोन्ही वेगवेगळं बघायचं. हे सिद्ध करायला तू तीच तीच मुलं बालवाडीपासून कॉलेजपर्यंत बघत राहिलीस. ह्या धीराचं मला तेव्हाही आश्चर्य वाटायचं. मी तर दूध तापेपर्यंत थांबू शकत नाही.

आठवतं, अंधेरीच्या हॉटेलातल्या त्या परिषदेहून तू आलीस ते? कुणा मोठ्या डॉक्टरानं विचारलं होतं, मॅडम, एवढ्या वर्षांनी तुमचा निष्कर्ष काय? तू म्हणालीस, निष्कर्षाची घाई करू नका, हाच. अख्खा हॉल हसला. घरी येऊन मला म्हणालीस, "हसले त्याचं काही नाही हो. पण कुणी लिहून नाही घेतलं." त्या दिवशी मला त्या सगळ्यांचा फार राग आला होता. तुझाही आला. एखादं जोरकस वाक्य फेकायला काय जात होतं तुझं? आईबाप म्हणायचे ह्याला सरळ करा, चळवळीतली तरुण मंडळी म्हणायची तुम्ही फार सावकाश जाता. दोन्हीकडून बोलणी खायचीस आणि वर म्हणायचीस, मला अजून माहीत नाही. तज्ज्ञ बाई कधी असं म्हणते का?

आता त्या डब्याकडे येतो.

तुझी रीतच होती. प्रत्येक मुलाचा एक झाकणाचा डबा, त्यात त्यानं काय ठेवायचं ते त्याचं त्यानं ठरवायचं. शेवटच्या दिवशी मूल आपल्या हातानं डबा आवरणार आणि घेऊन जाणार. दुसऱ्या कुणी उघडायचा नाही. तू अशी मंगळवारी दुपारी तडकाफडकी गेलीस, पण तुझ्या अनघानं ती रीत मोडली नाही. तुझीच विद्यार्थिनी ती. एकेका मुलाला तिनं त्याच खोलीत बोलावलं, मॅडम वारल्या असं स्वच्छ सांगितलं, आणि निरोप घ्यायला लावला. लाइटवाले बूट माझ्या अंगावरच धावून आले. "तुम्ही त्यांना डॉक्टरकडे का नाही नेलं?" मी म्हटलं, "नेलं होतं रे बाळा." मग आम्ही दोघं स्वयंपाकघरात जाऊन बिस्किटं खाल्ली. तेवढा नियम तुझा मोडला.

सगळे डबे गेले. चंदेरीचा राहिला.

चंदेरी म्हणजे कोण, ते तुला सांगायला नको. आठ-नऊ वर्षांचं पोर. शाळेच्या काळ्या बुटांत यायचं, बूट रॅकवर काढायचं, आत जाऊन डब्यातून चंदेरी पट्ट्यांच्या सँडल काढून घालायचं. जाताना परत डब्यात. एकदा दार उघडं राहिलं तेव्हा मला दिसलं. मी तुझ्यावर चिडलो, आपल्या घरात आम्ही अनवाणी आणि ह्या पोराला सँडलची परवानगी? तू म्हणालीस, "ती जोडी बाहेर कधी गेलीच नाही हो. स्वच्छ आहे."

मी परत स्वयंपाकघरात गेलो.

आई वर यायची, झिजलेल्या टाचेची चप्पल. बाप खाली स्कूटरवर, हेल्मेटसुद्धा न काढता. एकदाच चढला तो वर, आणि बूट न काढताच दारातून ओरडला. त्याचा आवाज ऐकू न यायला मी काय बहिरा होतो? पोर तीन वर्षांचं असताना घरात सिलेंडरची आग लागली, तेव्हापासून हे असं झालंय, ती भीती काढा आणि पोर नीट करून द्या. तू काय उत्तर दिलंस ते ऐकू आलं नाही. तू हळू बोलायचीस ना. नंतर विचारलंस, "काही ऐकलंत?" मी म्हटलं, "कुकरची शिट्टी ऐकली."

तू गेलीस आणि तो डबा तसाच. अनघा म्हणाली, फोन लागत नाही, घर बंद आहे. त्याहून जास्त ती सांगेना. बापानं नक्की पोराला घरात कोंडलं असणार, केस बारीक कापून कुठल्या होस्टेलात टाकलं असणार, मारत असणार. रोज सकाळी त्या फळीकडे बघायचं आणि चहा कडू व्हायचा. उघडून बघावंसं वाटायचं, आत नाव तरी सापडेल. हात नेला आणि मागे घेतला. तुझी शिस्त बघ, मेल्यावरही चालते.

आणि आज बेल वाजली. दारात तोच बाप, हेल्मेट हातात. मागे पोर. केस खांद्याला आलेले, उंची केवढी वाढलेली.

"काका, ओळखलंत का? बहिणीकडे आलेलो इकडे. ब्रिजवरून पत्रे लागलेले दिसले. हे मागे बसून ओरडायलाच लागलं, पप्पा, माझा डबा आत आहे."

"मी डबा न्यायला आले, काका," पोर म्हणालं.

मी नुसता बाजूला झालो. पोर सरळ खोलीत गेलं. बाप माझ्याबरोबर स्वयंपाकघरात बसला. ह्या तडीपारीच्या जागी मला पहिल्यांदा सोबत मिळाली.

तो म्हणाला, आम्ही दहिसरला गेलो राहायला, मागच्या वर्षीच. कंपनी बदलली, तर कंपनीचा नंबरही गेला. "मॅडमना सगळं सांगितलेलं ना. त्यांनीच तिकडच्या एका बाईंशी बोलून ठेवलेलं, आता तिकडे जातो आम्ही. इथला तो शनिवार फक्त निरोपाचा राहिलेला. आलेलो आम्ही. खाली पांढऱ्या कपड्यातली माणसं आणि मॅडमचा हार घातलेला फोटो बघितला, मी गाडी वळवली."

त्या शनिवारी तुझं पुण्यानुमोदन होतं, सगळे वंदनेला जमले होते.

"पोराला काय सांगितलंस?" मी विचारलं.

"खरं सांगितलं. मॅडम नेहमी म्हणायच्या, मेलेलं माणूस गावाला गेलंय असं मुलाला सांगू नका. चेकनाक्याजवळ गाडी बाजूला घेतली आणि सांगितलं. दोघंही रडलो तिथेच."

आता सांग, मी भांडू नको तर काय करू? तू सगळी तजवीज करून ठेवली होतीस! नवी बाई शोधलीस, दहिसरला सोय लावलीस, आणि इथे मी वर्षभर त्या पोराला होस्टेलात टाकून, मार खायला लावून, रोज झुरतोय. एक शब्द सांगितला असतास तर? "चंदेरीचं ठीक चाललंय" एवढंच. नाव नको होतं मला. असली कसली गं तुझी गुप्तता?

बाप चहा फुंकत बसला होता. मग आपणहून म्हणाला, "मी आगीच्या वेळी घरी नव्हतो, काका. मला वाटायचं, असतो तर पोर असं झालं नसतं. त्या दिवशी मी वर येऊन राडा केला तेव्हा मॅडम म्हणाल्या, आग लागली त्यात तुमचा दोष नाही, आणि पोर असं आहे त्यात आगीचा दोष नाही. आगीला घाबरतं, त्याच्यावर आपण काम करू. बाकीचं आपण फक्त बघू. लय राग आलेला मला. घरी गेल्यावर झोप लागली पण. कित्येक वर्षांनी लागली."

म्हणजे हे म्हणाली होतीस तू. त्या दिवशी मला ऐकू आलं नव्हतं.

इतक्यात पोर डबा घेऊन आलं. जुन्या सँडल हातात. एक पायाला लावून बघितली, अर्धी टाच बाहेर. पोर हसायला लागलं, बापही हसला. डब्यातली लाकडी माणसं त्यानं पिशवीत टाकली आणि जोडी माझ्यापुढे धरली. "ह्या इथेच ठेवा. कुणाला तरी होतील."

एक गोष्ट मी मुद्दाम शेवटी ठेवली आहे. दार लावून घ्यायच्या निमित्तानं मी मधेच बाहेर रॅककडे जाऊन आलो. सवय कुठे जाते? बापाचे बूट होते, नीट काढून ठेवलेले, आपल्या रॅकवर पहिल्यांदाच. शेजारी नवी सँडल. चंदेरीच, पट्टे जरा रुंद, माप मोठं. सोबत काळे बूट नव्हते. पिशवीतही नव्हते, मी बघितलं. एक सँडल उचलून उलटी केली तर तळव्याला रस्त्याची धूळ, वाळलेला चिखल, आणि कुठलंसं चिकटलेलं च्युइंगम. चांगली मळकी, रोज वापरातली जोडी. मी ती हातात धरून पॅसेजमध्ये रडलो, उज्ज्वला. वर्षभर नीट रडलो नव्हतो, ते सगळं तिथे रडून घेतलं. मग तोंड धुऊन स्वयंपाकघरात गेलो.

आता प्राची उद्या आली की पुढची खोली आवरायला मी स्वतः मदत करणार आहे. वाळू अनघाकडे जाईल, ती धुवायची वेळ आली तर मोरी तिची. तिला शनिवारसाठी जागा हवी आहे. मी भांडुपचा हॉल देतो म्हणालो. माझी टीव्हीची खोली परत गेली, पण असू दे.

आणि तुला शब्द देतो. नव्या दाराबाहेर सगळ्यात आधी रॅक ठोकीन, सामान नंतर लागेल. चार ते सहा स्वयंपाकघरात राहीन, कुणाचं नाव विचारणार नाही. तुझी ती स्वच्छ जोडी खालच्या कप्प्यात ठेवीन, लहान हाताला सहज लागेल अशी. ज्याला बसेल त्याची. आणि ती मळून यायची वाट बघीन, घाई न करता.

तुझा,
स्वयंपाकघरातला मिलिंद