आडामागची दोन झाडं

सोलापूर,
ता. १० नोव्हेंबर १९३१

तीर्थरूप आण्णा,
कोंडीबाचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. वच्छले, हे पत्र आण्णांना घरात वाचून दाखव, ओसरीवर नको.

मी झकास हाय. काल शाळेत इंग्रजीत डिबेट झाली: गांजा पार बंद करावा, का सरकारी लायसनवर विकू द्यावा? मी लायसनच्या बाजूनं बोललो. पैला नंबर आला!

म्हनलं, गांजा म्हंजे निस्ती चिलीम न्हाय, औषधबी हाय. मेंढरांना हगवण लागली की माझे वडील आडामागच्या झाडाचा पाला देतात. लई टाळ्या पडल्या. बक्षीस देणारे सायेब हसून म्हनले, "शाब्बास! गाव कुटलं तुझं?" मी छाती फुगवून सांगितलं, केम.

खाली उतरलो तर मास्तर म्हनले, "येड्या, ते आबकारीचे इन्स्पेक्टर. बिनलायसनचं एक झाड घावलं तरी तुरुंग हाय. शनवारी केमलाच निघालेत की!"

आण्णा, दोन्ही झाडं आजच मुळासकट उपटा. जाळू नका, वास गावभर जाईल. उकिरड्यात खोल गाडा.

लंगडी मेंढी बरी हाय का? आईला यातलं सांगू नका.

सायेब आलेच, तर म्हना, पोरगं बोलतं चांगलं, पण लई खोटं बोलतं.

तुमचा,
कोंडीबा